आपल्या बूथवर लक्ष कसं ठेवायचं: ठाणे आणि नवी मुंबईच्या मतदारासाठी

निवडणुकीतली निम्मी भांडणं मतदानाच्या दिवशी केंद्राच्या दारात होतात, आणि तोवर ती हरलेली असतात. यादीत नाव नसेल तर केंद्राध्यक्षावर ओरडून उपयोग नाही. त्याला यादीत एक काना-मात्रासुद्धा घालता येत नाही. ज्या अधिकाऱ्याला घालता येत होता, त्याची मुदत तीन आठवड्यांपूर्वीच संपलेली असते. निवडणूक आयोगाच्या कामावर नजर ठेवायची तर एवढं धरून चाला: प्रत्येक टप्प्याला एक कागद असतो आणि त्या कागदाला एक तारीख.

आधी स्वतःचा मतदारसंघ ओळखा

हे वाटतं तितकं सोपं नाही. ठाणे शहर ओवळा-माजिवडा (१४६), कोपरी-पाचपाखाडी (१४७), ठाणे (१४८) आणि मुंब्रा-कळवा (१४९) अशा विधानसभा मतदारसंघांत विभागलं आहे. पहिले तीन ठाणे लोकसभेत येतात, मुंब्रा-कळवा मात्र कल्याण लोकसभेत. नवी मुंबईत ऐरोली (१५०) आणि बेलापूर (१५१), दोन्ही ठाणे लोकसभेत. कोपरखैरण्याहून वाशीला घर बदललं तर पिनकोडबरोबर विधानसभाही बदलते.

खरी गंमत खारघरला आहे. लोक पत्ता सांगताना नवी मुंबई सांगतात, पण खारघर, कामोठे, कळंबोली हा भाग पनवेल मतदारसंघात, म्हणजे रायगड जिल्ह्यात आणि मावळ लोकसभेत येतो. त्यामुळे यादीबद्दलचं अपील अलिबागला जातं, ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात नाही. मतदानाची तारीखही वेगळी पडू शकते. २०२४ च्या लोकसभेला मावळचं मतदान १३ मे रोजी झालं, ठाण्याचं २० मे रोजी. सीबीडी बेलापूरचा माणूस आणि शेजारच्या खारघरचा माणूस एकाच ऑफिसात बसत असले तरी त्यांचे निवडणूक निर्णय अधिकारी वेगळे.

महापालिकेची निवडणूक हे आणखी वेगळं प्रकरण. ती राज्य निवडणूक आयोग घेतो. तो भारत निवडणूक आयोगाचीच विधानसभेची यादी घेऊन तिचे प्रभागवार तुकडे करतो. मूळ यादीत नाव नसेल तर प्रभागाच्या यादीवर हरकत घेऊन ते येत नाही. म्हणून काम मूळ यादीवरच करायचं, आणि निवडणूक दूर असताना करायचं.

यादी भाग कसा वाचायचा

नागरिकाच्या हातात सगळ्यात जास्त ताकद इथे आहे, आणि सगळ्यात कमी लोक इथे फिरकतात.

एका मतदान केंद्राच्या मतदारांच्या यादीला यादी भाग म्हणतात. आयोगाने २०२५ पासून एका केंद्रावर जास्तीत जास्त १,२०० मतदार ठेवायचं ठरवलं आहे. आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर राज्य, जिल्हा, मतदारसंघ, भाषा आणि यादीचा प्रकार निवडला की भागाची पीडीएफ उतरवता येते. भाषा मराठीच घ्या. नावातल्या बहुतेक चुका तिथेच दिसतात.

पहिल्या पानावर भाग क्रमांक, त्यातले विभाग, केंद्राचं नाव-पत्ता आणि स्त्री, पुरुष, तृतीयपंथी अशी मतदारसंख्या असते. पुढच्या प्रत्येक पानावर ३० चौकटी, एका ओळीत तीन. चौकटीत अनुक्रमांक, ओळखपत्राचा एपिक क्रमांक, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय आणि लिंग. फोटो सार्वजनिक प्रतीत नसतो. पीडीएफ चित्ररूपात असल्यामुळे त्यात शब्द टाकून शोधता येत नाही, पानं डोळ्यांनीच चाळावी लागतात. १,२०० नावं म्हणजे साधारण ४० पानं. सोसायटीतल्या चौघांनी दहा-दहा वाटून घेतली तर एका संध्याकाळचं काम.

शेवटची पानं सोडू नका. तिथे पुरवणी असते: नवी नावं, वगळलेली नावं, दुरुस्त्या. वगळलेल्या नावाला कारणाचं इंग्रजी आद्याक्षर लावलेलं असतं. ई म्हणजे मयत, एस म्हणजे स्थलांतरित, आर म्हणजे दुबार, एम म्हणजे पत्त्यावर न सापडलेला, क्यू म्हणजे अपात्र. तुमच्या मजल्यावर आजही राहणाऱ्या बाईंच्या नावापुढे एस दिसला तर तो दिवस कामाला लागायचा.

काय काय सापडतं? घर क्रमांकाच्या जागी शून्य. एकाच कुटुंबातले तिघे एका भागात आणि चौथा दुसऱ्या केंद्रावर. इंग्रजीतून मराठीत आणताना गावडेंचे झालेले गवडे. म्हणून पोर्टलवर स्वतःचं नाव शोधताना नावाने शोधू नका, आधी एपिक क्रमांकाने शोधा. नावाने न मिळालेले कित्येक जण यादीत असतातच, फक्त वेगळ्या स्पेलिंगने. आणि ओळखपत्र खिशात आहे म्हणजे नाव यादीत आहे असं मुळीच नाही. मतदानाला हक्क यादीतल्या नावामुळे मिळतो. ओळख पटवायला आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट असले इतर पुरावेही चालतात. मतदार चिठ्ठी मात्र ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही.

नमुना ६, ७, ८

नमुना ६ पहिल्यांदा नाव घालण्यासाठी. वयाची १८ वर्षं मोजायला वर्षात चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. पत्त्यासाठी एक पुरावा पुरतो: वर्षभराचं वीज, पाणी किंवा गॅसचं बिल, आधार, बँकेचं पासबुक, नोंदणीकृत भाडेकरार. भाडेकरूंचं घोडं बहुधा इथे अडतं, कारण करार नोटरी केलेला असतो, नोंदणीकृत नसतो. अशा वेळी पासबुकाचा पत्ता आधी बदलून घ्या.

घर बदललं असेल तर नमुना ६ भरायचा नाही. नमुना ८ भरायचा. पत्ताबदल, तपशिलातली दुरुस्ती, नवं ओळखपत्र आणि दिव्यांग म्हणून नोंद ही चारही कामं त्याच नमुन्यात होतात आणि एपिक क्रमांक तोच राहतो. ठाण्यात हा घोळ फार. गावी, कोकणात किंवा साताऱ्याला, नाव आहेच. 'ते राहू दे, इकडेही एक घालून ठेवू' म्हणत लोक नमुना ६ भरतात. दोन ठिकाणी नाव ठेवायला १९५० चा लोकप्रतिनिधित्व अधिनियम मनाई करतो, आणि नमुना ६ वर तुम्ही सही करता ती 'माझं नाव इतरत्र नाही' याच्याखाली. खोट्या घोषणेला कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

नमुना ७ नाव वगळण्यासाठी किंवा कुणाच्या नावावर आक्षेप घेण्यासाठी. तो भरणारा त्याच विधानसभा मतदारसंघाचा मतदार असावा लागतो. मयत व्यक्तीचं नाव शक्यतो घरच्यांनीच मृत्यूचा दाखला जोडून काढावं. दुबार नावाच्या अर्जात कोणतं ठेवायचं आणि कोणतं काढायचं ते भाग क्रमांक आणि अनुक्रमांकासह लिहा. नुसतं 'दुबार आहे' म्हटलं की राहायला हवं तेच उडण्याची भीती. ऐकीव माहितीवर नमुना ७ भरूच नका. कलम ३१ तिथेही लागू आहे.

अर्ज ऑनलाइन भरता येतो, किंवा बीएलओकडे, म्हणजे केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, कागदावर देता येतो. दोन्हींत पोच किंवा संदर्भ क्रमांक घ्या. अर्ज फेटाळला जाण्याचं आपल्याकडचं सगळ्यात फालतू कारण म्हणजे सोसायटीचं गेट. बीएलओ पडताळणीला येतात, वॉचमन विचारतो कुणाकडे, अर्जात टॉवर आणि विंग लिहिलेली नसते, आणि शेरा पडतो, 'पत्त्यावर आढळले नाही'. पत्त्यात टॉवर, विंग, मजला, फ्लॅट सगळं लिहा आणि पुनरीक्षणाच्या, म्हणजे यादीच्या फेरतपासणीच्या, दिवसांत गेटवर बीएलओचं नाव देऊन ठेवा. आयोगाच्या ॲपवरून बीएलओशी बोलायची विनंती नोंदवता येते, १९५० हा मदत क्रमांक आहेच. बीएलओ बरेचदा शिक्षक किंवा पालिकेचे कर्मचारी असतात, तेव्हा शाळेच्या वेळात फोन उचलला नाही म्हणून लगेच तक्रार करू नये.

पुनर्विकासात पाडलेल्या इमारतींचं काय, हा नौपाड्यात आणि वाशीत नेहमीचा प्रश्न. कायदा सांगतो की तात्पुरतं बाहेर राहिल्याने कुणी 'सर्वसाधारण रहिवासी' राहत नाही असं होत नाही. पण बीएलओला प्रत्यक्षात दिसतो तो पत्रे लावलेला रिकामा प्लॉट. म्हणून सोसायटीनेच सभासदांची यादी, विकासकाबरोबरच्या कराराची प्रत आणि सध्याचे पत्ते मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे लेखी देऊन पोच घ्यावी. चार-पाच वर्षं दुसऱ्याच मतदारसंघात काढायची असतील तर सरळ नमुना ८ भरलेला बरा.

आता तारीख. उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसानंतर त्या निवडणुकीसाठी यादीत भर पडत नाही. मधे आक्षेपांसाठी किमान सात दिवस लागतात, म्हणून अर्ज साधारण दहा दिवस आधी पोचायला हवा. २०२४ च्या विधानसभेची घोषणा १५ ऑक्टोबरला झाली आणि उमेदवारीची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर होती. घोषणा ऐकून जागे झालेल्यांच्या हातात चारच दिवस उरले होते.

तुमचं नाव कुणी उडवतंय का

आलेल्या अर्जांच्या याद्या मतदार नोंदणी अधिकारी आपल्या कार्यालयात लावतो आणि त्या राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरही येतात. नमुना ९ मध्ये नवी नावं मागणारे, नमुना १० मध्ये वगळण्याच्या मागण्या, नमुना ११ मध्ये दुरुस्त्या. पुनरीक्षणाच्या काळात आठवड्यातून एकदा नमुना १० बघा. एकाच माणसाच्या नावावर तुमच्या भागातले डझनभर आक्षेप दिसले तर लगेच मतदार नोंदणी अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि प्रत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याला, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना द्या. तुमच्या नावावर आक्षेप आला आणि नोटीस मिळाली तर सुनावणीला जाच. गैरहजर राहिलेल्याचं नाव टिकवणं अवघड.

निर्णय विरोधात गेला तर पहिलं अपील १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे, दुसरं ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. आदेशाची प्रत मागून घ्या, दिवस त्यावरूनच मोजले जातात.

उमेदवार, त्याची पत्रकं आणि त्याचा खर्च

प्रत्येक उमेदवाराला नमुना २६ मध्ये शपथपत्र द्यावं लागतं: मालमत्ता, कर्जं, शिक्षण, गुन्हे. ते आयोगाच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर वाचता येतं. त्यात खोटं दिसलं तर पुराव्यासह प्रतिशपथपत्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे देता येतं, आणि तेही प्रसिद्ध केलं जातं. छाननीच्या खोलीत सामान्य मतदाराला प्रवेश नसतो, म्हणून ते आधीच द्या. एवढ्यावरून अर्ज बाद होईल अशी आशा मात्र धरू नका. रकाने कोरे ठेवले तर अर्ज फेटाळता येतो. खोट्या माहितीसाठी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२५अ खाली वेगळा खटला चालतो.

फौजदारी प्रकरणं असलेल्या उमेदवाराने ती वर्तमानपत्रात आणि वाहिन्यांवर तीनदा जाहीर करायची असतात: माघारीच्या मुदतीनंतरच्या पहिल्या चार दिवसांत, मग पाचव्या ते आठव्या दिवसात, मग नवव्या दिवसापासून प्रचार संपेपर्यंत. कात्रणं जपून ठेवा. कुठल्या कोपऱ्यातल्या पेपरात छापलं हेही त्यातून कळतं.

दारात पडलेलं पत्रक फेकण्याआधी तळाची बारीक ओळ वाचा. मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं-पत्ते तिथे हवेतच. नसतील तर त्याच अधिनियमाच्या कलम १२७अ चा भंग झाला, आणि पुरावा तुमच्या हातातच आहे.

महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपये खर्चाची मर्यादा २०२२ पासून आहे. खुर्ची, मांडव, चहा-नाश्ता, गाड्या यांचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवून देतो. प्रचारकाळात उमेदवाराची खर्च नोंदवही तीनदा तपासली जाते आणि तिची प्रत पानाला एक रुपया देऊन मिळते. मैदानात दोन हजार खुर्च्या होत्या आणि वहीत तीनशे लिहिल्या असतील, तर त्या सभेचा तारखेसह फोटो आणि वहीचं ते पान खर्च निरीक्षकाकडे नेऊन द्या. निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशेब दाखल व्हायला हवा. तो पाहायची फी एक रुपया आहे.

सी-व्हिजिल

पैसे, दारू किंवा भेटवस्तू वाटप, रात्री दहानंतरचे भोंगे, शेवटच्या ४८ तासांतला प्रचार यांसाठी हे ॲप. आयोगाच्या ॲपमधूनच जागेवर फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ काढायचा आणि पाच मिनिटांत पाठवायचा. व्हॉट्सॲपवर आलेली क्लिप गॅलरीतून जोडता येत नाही, आणि नव्वद टक्के लोक तिथेच अडतात. पाच मिनिटांत तक्रार भरारी पथकाकडे, पंधरा मिनिटांत पथक जागेवर, अर्ध्या तासात चौकशी, पुढच्या पन्नास मिनिटांत निर्णय, असं १०० मिनिटांचं गणित आहे. निनावी तक्रार चालते, पण मग तिचं पुढे काय झालं ते तुम्हाला कळत नाही. जीपीएस नीट लागेपर्यंत थांबा. बिल्डिंगांच्या गर्दीत जागा शेजारच्या गल्लीत दाखवली गेली तर पथक तिथे जाऊन 'काही आढळलं नाही' लिहून मोकळं होतं.

मतदानाचा दिवस

केंद्राच्या आत कायद्याने बसून लक्ष ठेवायचं तर एकच वाट: मतदान प्रतिनिधी व्हा. अपक्ष उमेदवारालाही प्रतिनिधी नेमता येतो आणि बहुतेक अपक्षांकडे माणसं नसतात. उमेदवार किंवा त्याचा निवडणूक प्रतिनिधी नमुना १० वर सही करून नेमणूक देतो. हा नमुना १० निवडणूक संचालन नियमांतला. वर आलेला नमुना १० मतदार नोंदणीच्या नियमांतला. नावं सारखी, कागद वेगळे.

मतदानाच्या नव्वद मिनिटं आधी अभिरूप मतदान होतं. त्यात किमान ५० मतं टाकतात, निकाल जुळवतात, मग यंत्र शून्यावर आणून व्हीव्हीपॅटमधल्या, म्हणजे मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रातल्या, चिठ्ठ्या काढून घेतात. उशिरा पोचलात तर हा सगळा भाग हुकला. बॅलट युनिट (बटणांचं यंत्र), कंट्रोल युनिट (मतं साठवणारं यंत्र) आणि व्हीव्हीपॅट यांचे क्रमांक आणि कागदी सीलचे क्रमांक वहीत लिहून घ्या.

संध्याकाळी सगळ्यात मोलाचा कागद हातात येतो: नमुना १७-क, भाग एक. त्यात केंद्राचे एकूण मतदार, १७-अ नोंदवहीत सही केलेले, सही करून मत न दिलेले, मत देऊ न दिलेले, वजा करायची चाचणी मतं, यंत्रात नोंदलेली एकूण मतं आणि प्रदत्त मतं असे आकडे असतात (चाचणी मत आणि प्रदत्त मत म्हणजे काय ते पुढे येतंच). नोंदवहीचा आकडा आणि यंत्राचा आकडा जुळतो की नाही हेही त्यातच लिहिलेलं असतं. हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला त्याची प्रत द्यायची असा नियम आहे. सहा वाजले म्हणून निघून गेलेल्याला ती मिळत नाही, आणि रांगेत चिठ्ठ्या घेऊन उभे राहिलेले मतदार संपेपर्यंत आठही वाजू शकतात. वाहिन्यांवर संध्याकाळी दिसणारी टक्केवारी अंदाजी असते. ती आणि नंतरचा अंतिम आकडा यांची तुलना करून गहजब करण्याआधी १७-क वर बोट ठेवा.

साध्या मतदाराने लक्षात ठेवायच्या गोष्टी थोड्या आहेत. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर चिडून घरी जाऊ नका. प्रदत्त मत मागा. ओळख पटली की कागदी मतपत्रिका मिळते आणि तुमची सही नमुना १७-ब वर घेतात. हे मत नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, पण त्याची नोंद राहते. व्हीव्हीपॅटच्या काचेत सात सेकंद दिसणाऱ्या चिठ्ठीवर दुसरंच चिन्ह आलं, असं खात्रीने वाटत असेल तर लेखी घोषणा देऊन चाचणी मत मागता येतं. चाचणी प्रतिनिधींसमोर होते, आणि आरोप खोटा ठरला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. शंभर मीटरच्या आत कुणी प्रचार करत असेल तर ते जागेवरच्या पोलिसाला सांगा. कायद्यात त्याला दंड फक्त २५० रुपयांपर्यंत आहे, पण हटवायला तेवढा आधार पुरतो.

मोजणी आणि त्यानंतर

मोजणीच्या टेबलाशी बसायला नमुना १८ ची नेमणूक लागते. तिथे काम एकच: जवळच्या १७-क प्रतीशी कंट्रोल युनिटचा क्रमांक आणि एकूण मतं ताडून बघणं. क्रमांक जुळत नसेल तर ते यंत्र उघडण्याआधीच बोला आणि लेखी द्या. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या चिठ्ठीने काढलेल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजल्या जातात. त्या वेळी दमून घरी गेलेले प्रतिनिधी बरेच असतात.

माहिती अधिकार वापरायचा तर कार्यालय बघून अर्ज लिहा. भारत निवडणूक आयोगाकडे ५०० शब्दांपर्यंतचा अर्ज चालतो. जिल्हा निवडणूक कार्यालयाला राज्याचे नियम लागतात, म्हणजे १५० शब्द आणि एकच विषय. शुल्क दोन्हीकडे १० रुपये. सीसीटीव्ही चित्रण मागण्यात वेळ घालवू नका. डिसेंबर २०२४ च्या नियमबदलानंतर इलेक्ट्रॉनिक नोंदी सार्वजनिक पाहणीतून वगळल्या गेल्या आणि आयोगाच्या सूचनेनुसार चित्रण निकालानंतर ४५ दिवसच ठेवलं जातं. याचिका करायची असेल तर ते जपून ठेवण्याचा आदेश न्यायालयाकडूनच मिळवावा लागतो.

निवडणूक याचिकेलाही तेवढेच ४५ दिवस, निकाल जाहीर झाल्यापासून, मुंबई उच्च न्यायालयात. ती फक्त उमेदवारच करू शकतो हा समज चुकीचा आहे. त्या मतदारसंघातल्या कुठल्याही मतदाराला करता येते, मग त्याने मत दिलेलं असो वा नसो. सोबत २,००० रुपये अनामत. जितके प्रतिवादी तितक्या प्रती जोडायच्या, आणि प्रत्येक प्रतीवर 'ही खरी प्रत आहे' असं लिहून याचिकाकर्त्याने स्वतः सही करायची. वकिलाची सही चालत नाही. यात चूक झाली तर पुराव्याचा एक शब्दही न ऐकता १९५१ च्या अधिनियमाच्या कलम ८६ खाली याचिका फेटाळली जाते, आणि पंचेचाळीस दिवस उलटून गेल्यावर नवी दाखल करता येत नाही.